प्रयोगशाळेच्या पायरीवरून : नानांचे दात आणि जपानची बातमी



या सदरात आपण वैद्यक, दंतवैद्यक आणि अपारंपरिक ऊर्जा यांतल्या नव्या संशोधनाची खबरबात घेतो. या खेपेलाही घेणार आहोतच, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. माझ्या वडिलांचे तीन दात गेले, आणि त्यातले दोन बहुधा माझ्यामुळे गेले.

मी दंतवैद्य नाही, आणि ॲन आर्बरहून मिरजेपर्यंत माझा हात पोचत नाही. हे काम मी फोनवरून केलं.

२०२४ च्या दिवाळीच्या आदला रविवार. आमचे सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, नानांच्या चहानंतरची वेळ. नाना ७६ वर्षांचे. शाळेत शास्त्र आणि गणित शिकवून निवृत्त झालेले. मधुमेह पंधरा वर्षांचा. त्या आठवड्यात ते दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. पायोरिया बराच वाढलाय, खालची एक दाढ काढावी लागेल आणि बाकीच्या दातांसाठी हिरड्यांची खोल सफाई करून घ्या, तीन-चार खेपा होतील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नाना वैतागले होते. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी नुकतीच वाचलेली बातमी सांगितली.

"नाना, जपानमध्ये दात पुन्हा उगवायचं औषध निघालंय. माणसांवर चाचणीसुद्धा सुरू झाली."

तिकडे थोडा वेळ शांतता. मग, "असं? मग हा काढायची एवढी घाई का करतोय?"

मी हसलो. नानाही हसले. विषय तिथेच संपला असं मी समजून चाललो.

पुढची दिवाळी आली तेव्हा दादाचा फोन आला. नानांना चावता येत नाही, आमटीत पोळी कुस्करून खातात, साखर वाढलीय, एचबीए१सी ८.९ आलंय. "डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, जपानचं औषध येईपर्यंत थांबतो. अरे, तूच सांगितलंस ना त्यांना?"

हो, मीच सांगितलं होतं. आणि सांगितलं ते खोटंही नव्हतं. अडचण नेमकी तिथेच आहे, म्हणून आज ती बातमी पुन्हा नीट, अख्खी सांगतो.

आपल्या शरीरात युसॅग-१ नावाचं एक प्रथिन असतं. दात तयार व्हायला पेशींना जे संदेश जावे लागतात त्यांना हे प्रथिन आवर घालतं, म्हणजे एक प्रकारचा ब्रेकच. क्योतो आणि फुकुई विद्यापीठांतल्या संशोधकांनी या ब्रेकला बांधून ठेवणारी अँटिबॉडी तयार केली. जन्मतः दात कमी असलेल्या उंदरांना ती दिल्यावर त्यांना दात आले, आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यातही जादा दात उगवला. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. फेरेटला महत्त्व अशासाठी की त्याला आपल्यासारखेच दुधाचे आणि पक्के असे दोन वेळा दात येतात. कात्सु ताकाहाशी हे या कामातलं प्रमुख नाव. २०२४ च्या शेवटी क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. इथपर्यंत मी नानांना सांगितलं होतं.

न सांगितलेला भाग असा. ती चाचणी तीस जणांवर योजलेली होती. ३० ते ६४ वयाचे निरोगी पुरुष, निदान एक मागचा दात नसलेले. मुख्य प्रश्न 'दात येतो का' हा नव्हताच, 'औषध निर्धोक आहे का' हा होता. त्यापुढचा टप्पा ज्यांना जन्मतःच पुष्कळ दात नसतात अशा दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ठरवलेला. सगळं सुरळीत पार पडलं तर २०३० च्या सुमारास औषध त्या मुलांपर्यंत पोचवायचं, असं संशोधकांचं उद्दिष्ट. पायोरियाने दात हललेले ७६ वर्षांचे मधुमेही शिक्षक त्या रांगेत कुठे उभे आहेत, हे तुम्हीच ठरवा.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे पायोरियात खरं नुकसान दाताचं होत नाही, दाताखालच्या हाडाचं होतं. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत जंतूंचा थर साचतो, तिथे सूज राहते आणि ती सूज हळूहळू हाड खाते. फट साधारण तीन मिलिमीटरपर्यंत असते तेव्हा ठीक. ती चार, पाच, सहा होत गेली की दाताची मुळं उघडी पडतात. उद्या क्योतोहून नवा दात आला तरी तो रुजणार कशात? वाफा धुपून गेल्यावर उत्तम बियाणं आणून काय उपयोग!

आता या विषयातलं दुसरं संशोधन सांगतो. हे मी नानांना सांगितलं नव्हतं, कारण ते मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. कॉक्रेन नावाची संस्था निरनिराळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढते. मधुमेह असलेल्यांनी पायोरियावर उपचार घेतले तर साखरेवर काय परिणाम होतो, याचा २०२२ सालचा त्यांचा आढावा आहे. ३५ अभ्यास, एकूण ३,२४९ माणसं. हिरड्यांची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरलं, सहा महिन्यांनी फरक ०.३० होता आणि वर्षाने ०.५०. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी दाखवणारा आकडा. कारण असं सांगतात की हिरड्यांतली सूज तोंडापुरती राहत नाही. तिचे पदार्थ रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करतात.

०.४३ वाचून कोणी फोन उचलून घरी कळवणार नाही. पण इंग्लंडमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाच्या आकड्यांवरून २००० साली असं दिसलं होतं की एचबीए१सी एका अंकाने कमी असेल तर डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळतात. म्हणजे अर्ध्या अंकालाही किंमत आहे. आणि त्यासाठी जपानला जायला नको. मिरजेत दातांचे डॉक्टर आहेत.

एक दात उगवायचं औषध आणि एक दात घासून घ्यायची शिफारस. मी फोनवर कुठली बातमी सांगितली ते तुम्ही पाहिलंतच.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. दादा पुढे म्हणाला, "आणि गच्चीवरच्या सोलरचंही तू काहीतरी सांगितलंयस." आता मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची घरांच्या छपरांसाठीची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान. दादाने कागदपत्रं गोळा केली होती. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की लोंगी या चिनी कंपनीच्या पेरोव्स्काइट-सिलिकॉन पेशीने ३४.८५ टक्के कार्यक्षमतेचा विक्रम केला. तेव्हा गच्चीवर बसवल्या जाणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता साधारण २१-२२ टक्के. मी इंजिनिअर माणूस, उत्साहाने नानांना सगळं समजावलं होतं.

ते समजावणं तसं चुकीचं नव्हतं. साधी सिलिकॉनची पेशी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग बरा वापरते, पण निळ्या भागातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन फुकट जाते. पेरोव्स्काइटचा पातळ थर तो निळा भाग चांगला पकडतो आणि उरलेला प्रकाश खाली सिलिकॉनकडे जाऊ देतो. एकाखाली एक दोन चाळण्या धराव्यात तसं : वरचीतून निसटलेलं खालची धरते. एकट्या सिलिकॉनला सुमारे २९ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे, ती या जोडीने ओलांडता येते. योकोहामामध्ये मियासाका यांनी २००९ साली पेरोव्स्काइटची पहिली पेशी दाखवली तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. त्यानंतर १६ वर्षांत इथवर मजल. कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

पण विक्रम पेशीचा होता, पॅनेलचा नव्हता. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये या जातीची पॅनेलं पहिल्यांदा विक्रीसाठी पाठवली, त्यांची कार्यक्षमता होती २४.५ टक्के, आणि ती गेली अमेरिकेतल्या एका वीज प्रकल्पाला. शिवाय पेरोव्स्काइटला ओल आणि उष्णता सोसत नाही. साध्या सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. आपल्याकडचा मे महिना आणि पाठोपाठचा पावसाळा एवढी वर्षं काढून दाखवणं ही नव्या पदार्थाची खरी परीक्षा आहे.

आणि सगळ्यात सोपा हिशेब मी केलाच नव्हता. जास्त कार्यक्षमता म्हणजे तेवढीच वीज कमी जागेत. जागा अडचणीची असेल तिथे तिला मोल. नानांच्या गच्चीवर सातशे चौरस फूट मोकळे पडलेत, तीन किलोवॅटला साध्या पॅनेलचीही तीनशे पुरतात! तिथे २२ काय आणि २४ काय. याउलट तीन किलोवॅटचा संच आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिट धरले तर महिन्याला साडेतीनशे युनिट देतो. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने थांबल्याचे झाले २,८०० युनिट. गच्ची तशीच तापत राहिली आणि विजेचं बिल येत राहिलं.

मला वाटतं, आपल्यापैकी पुष्कळांचं असंच होतं. आपण तंत्रज्ञानाच्या जवळ राहतो, कानावर रोज काहीतरी नवं पडतं, आणि रविवारच्या फोनवर बोलायला विषय हवा असतो. 'जेवलात का' आणि 'थंडी आहे का' हे दहा मिनिटांत संपतं. मग आपण बातमी सांगतो. सांगताना चमकदार तेवढं सांगतो, कारण रटाळ सांगायला आपल्यालाच कंटाळा येतो. आणि कामाचं बहुतेक वेळा रटाळच असतं.

त्याचं आणखी एक उदाहरण देतो. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी उलटलेले, रक्तदाब असलेले लोक होते. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्या गावांत असं मीठ की ज्यात पाऊण भाग सोडियम क्लोराइड आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. बाकी काही बदललं नाही. जवळपास पाच वर्षांनी बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी निघालं. नुसतं मीठ बदलून! जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरण्याची शिफारस केली. मी हे वाचलं होतं. नानांना रक्तदाब आहे हेही मला माहीत होतं. पण मिठाबद्दल काय फोन करायचा, असं वाटून गेलं.

मात्र हे मीठ सरसकट सगळ्यांसाठी नाही, हेही लगेच सांगतो, नाहीतर पुन्हा तीच चूक होईल. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून ते धोकादायक ठरू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. आरोग्य संघटनेची शिफारस गरोदर स्त्रिया, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना लागू नाही. दादाने नानांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, यांची गोळी त्याच जातीची आहे, तेव्हा यांना ते मीठ नको, लोणचं-पापड तेवढे आवरा. म्हणजे हे एवढं पक्कं संशोधनही आमच्या घरी जसंच्या तसं चाललं नाही. आईने लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात नेऊन ठेवली. एवढाच त्याचा परिणाम, पण झाला.

आता कोणी म्हणेल, मग नव्या संशोधनाच्या बातम्या वाचूच नयेत का? तसं अजिबात नाही. संशोधन घरापर्यंत पोचतं, पण त्याच्या चालीने. हिवतापाच्या लसीचंच पाहा. आरटीएस,एस या पहिल्या लसीवर काम सुरू झालं १९८७ मध्ये, आरोग्य संघटनेने तिची मुलांसाठी शिफारस केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. मध्ये ३४ वर्षं गेली. दुसरी लस, आर२१, ऑक्सफर्डची. चार आफ्रिकी देशांतल्या ४,८०० मुलांवर तिची मोठी चाचणी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिलाही मान्यता मिळाली. ती बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आपल्या पुण्याचीच. किंमत प्रत्येक मात्रेला दोन ते चार डॉलर ठरली. १९८७ ची बातमी ऐकून कोणी मच्छरदाणी टाकून दिली असती, तर त्याला आपण काय म्हटलं असतं? मी नानांच्या बाबतीत जवळपास तेच केलं.

म्हणून आता घरी काही सांगण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. हे कोणावर केलं, उंदरावर की माणसावर? किती जणांवर आणि किती दिवस पाहिलं? आणि ते हातात येईपर्यंत माणसाने काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर माझ्याजवळ नसेल तर बातमी माझ्यापाशीच ठेवतो.

नानांचं पुढे काय झालं ते सांगतो. २०२५ च्या डिसेंबरात मी दोन आठवडे मिरजेला गेलो आणि त्यांना स्वतः घेऊन गेलो. डॉक्टरांनी फट मोजली, क्ष-किरण चित्र दिव्यासमोर धरून दाखवलं. वर्षापूर्वी एक दाढ काढायची होती, आता तीन दात काढावे लागले. बाकीच्यांची सफाई चार खेपांत झाली. आता खाली छोटी कवळी आहे, नाना तिला 'मशीन' म्हणतात. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३ आलं. पण एवढ्यात नाना संध्याकाळी फिरायलाही लागले होते आणि डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, तेव्हा यातलं किती हिरड्यांचं आणि किती बाकीचं ते एका माणसावरून सांगता येणार नाही. (हे वाक्य नानांनीच मला सुनावलं.)

परत निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर बसलो होतो. मी म्हणालो, "नाना, तुम्ही शास्त्राचे मास्तर. आयुष्यभर मुलांना सांगितलंत की कोणी काही म्हणालं तर पुरावा विचारा. मग मला का नाही विचारलंत?"

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तू सांगितलंस ना."

मंडळी, एवढ्या चार शब्दांचं ओझं घेऊन मी विमानात बसलो. आपण इथे लांब राहतो, म्हणून तिकडे आपला शब्द हलका झाला असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो फार जड झालाय. दादा रोज गोळ्या आणतो, डॉक्टरकडे नेतो, बिलं भरतो, आणि त्याने सांगितलेलं 'बघू' म्हणून बाजूला राहतं. आम्ही महिन्यातून चार फोन करतो आणि आमचं वाक्य झेलून घेतलं जातं. 'अमेरिकेतून सांगितलंय' ही काही पुराव्याची जात नाही, पण घरोघरी ती चालते. मग बोलताना आपणच जपायला हवं.

हल्ली रविवारी मी काही नवं सांगायला लागलो की नाना मध्येच थांबवतात. "कोणावर केलं?" मी म्हणतो, "उंदरांवर." ते म्हणतात, "बरं. उंदरांना माझा नमस्कार सांग," आणि फोन आईकडे देतात.

असो. पुढच्या खेपेला भेटूच. कळावे, लोभ असावा.

ता. क. : गच्चीवर साधी सिलिकॉनची पॅनेलं फेब्रुवारीत बसली. मार्चमध्ये ३८१ युनिट झाले. नाना रोज संध्याकाळी मीटर वाचून वहीत लिहितात, आणि शेजारच्या रकान्यात आभाळ कसं होतं तेही.